मागाल ते, पण कुणाच्या कपाटातून?

'ऑन डिमांड' या शब्दजोडीबद्दल माझी जुनी तक्रार आहे. 'मागाल ते, मागाल तेव्हा' असा तिचा अर्थ आपल्याला सांगितला जातो आणि आपणही तो मुकाट मान्य करतो. पूर्वीचा केबल टीव्ही म्हणजे देवळातली पंगत होती. बसायची वेळ ठरलेली, पानात पडेल ते सगळ्यांना सारखे. ऑन डिमांड म्हणजे खाणावळ. आपण जाऊ तेव्हा टेबल, आपण सांगू ते ताट. पण खाणावळीत जाणाऱ्याला हेही ठाऊक असते की सकाळी बाजारातून जे आले आणि दुपारी चुलीवर जे चढले, तेवढ्यातूनच मागायचे असते. इसवण नसेल तर बांगड्यावर भागवायचे. टीव्हीच्या बाबतीत मात्र आपल्याला हा प्रश्नच पडत नाही. स्वयंपाकघर कुठे आहे, त्यात काय शिजवायचे हे कोण ठरवतो आणि आपल्या ताटाचा हिशेब कोणत्या वहीत लिहिला जातो, हे कुणी विचारत नाही.

मी इंजिनियर नव्हे. पण नाटकवेडा आहे आणि नाटकांची चित्रणे कुठे साठतात, कुठे नाहीशी होतात याचा शोध घेता घेता या तारांच्या जंजाळात शिरलो. या व्यवस्थेची घडण अमेरिकेत झाली, तिच्यावरची मोठी भांडणेही तिथेच, उघड्या कोर्टात झाली. म्हणून आधी अमेरिका. गोव्यावर नंतर येतोच.

अमेरिकेत केबलचा जन्म 1948 च्या सुमारास पेन्सिल्व्हेनिया, ऑरेगॉन अशा राज्यांतल्या गावांत झाला. गावे डोंगराच्या आड किंवा प्रक्षेपण केंद्रापासून फार दूर, त्यामुळे घरच्या अँटेनावर चित्र येईना. कुणीतरी उंचावर एक मोठी अँटेना लावली आणि तिथून तार घरोघर नेली. सत्तरीतल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. त्या तारेचा स्वभाव पुढची चाळीसेक वर्षे तसाच राहिला. सगळी चॅनेल्स एकाच वेळी सगळ्या घरांत जायची आणि वाहतूक एकाच दिशेने, वरून खाली. घरातून वर काही पाठवायची सोय बहुतेक ठिकाणी नव्हती. 'मला हे नको, ते हवे' असे तारेला सांगता येत नव्हते.

ते सांगता यावे म्हणून एक मोठा थाटामाटाचा प्रयोग टाइम वॉर्नर कंपनीने फ्लोरिडातल्या ऑर्लँडो शहरात केला. 14 डिसेंबर 1994 रोजी 'फुल सर्व्हिस नेटवर्क' सुरू झाले. सुमारे चार हजार घरे, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचे सर्व्हर, घरातला डबा म्हणजे जवळजवळ एक संगणकच. सिनेमा निवडा, थांबवा, मागे न्या, सगळे घरबसल्या चालायचे. यंत्र चालले, पण हिशेब जमला नाही. 1997 मध्ये प्रयोग गुंडाळला. तरी त्या चार हजार घरांत जे घडले तेच पुढे सगळीकडे आले, फक्त स्वस्त होऊन आले. 1997 हेच वर्ष आणखी दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी केबलच्या तारेवरून इंटरनेट कसे न्यायचे याचे 'डॉक्सिस' नावाचे पहिले प्रमाण ठरले, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कॉमकास्ट या केबल कंपनीत एक अब्ज डॉलर गुंतवले. सॉफ्टवेअरवाल्यांना वास आधीच लागला होता.

आता यंत्रणा थोडक्यात. कंटाळा येईल, पण पुढचे भांडण समजायला एवढे हवे. केबल कंपनीच्या मुख्य केंद्राला हेडएंड म्हणतात. तिथून काचेची तार, म्हणजे फायबर, एकेका वस्तीपर्यंत येते. वस्तीच्या तोंडाशी एक पेटी असते, तिला नोड म्हणतात, आणि तिच्यापासून पुढे घरोघर जुनीच तांब्याची कोॲक्स तार. एका नोडवर ढोबळमानाने पाचशे घरे. या पाचशे घरांची तार सामायिक असते. ऑन डिमांडची सगळी किमया आणि सगळी कटकट या 'सामायिक' शब्दात आहे.

अमेरिकेत टीव्हीचे एक चॅनेल सहा मेगाहर्ट्झ रुंदीचे. डिजिटल पद्धतीने त्या रुंदीतून सेकंदाला सुमारे 38 मेगाबिट माहिती जाते. साध्या दर्जाच्या सिनेमाला सेकंदाला पावणेचार मेगाबिट लागतात. म्हणजे एका चॅनेलच्या जागेत दहा सिनेमे. कंपनीने एका वस्तीसाठी अशी चार चॅनेल्स ऑन डिमांडला राखून ठेवली तर एका वेळी चाळीस घरे आपापला वेगळा सिनेमा पाहू शकतात. एकेचाळिसाव्या घराला 'थोड्या वेळाने प्रयत्न करा'. सगळी पाचशे घरे एकदम मागणार नाहीत, या भरवशावर हा डोलारा उभा होता. आपल्याकडच्या बँकेसारखेच म्हणा. सगळ्यांनी एकाच दिवशी ठेवी मागितल्या तर कुठून देणार? रिमोटचे बटण दाबल्याची खबर त्याच तारेतून उलट दिशेने वर जायची, 5 ते 42 मेगाहर्ट्झच्या अरुंद पट्ट्यातून. खाली येणारा रस्ता हमरस्ता आणि वर जाणारी पायवाट. मागणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला अधिक जागा, हे अगदी तारेतच लिहून ठेवलेले.

सिनेमे हेडएंडपर्यंत यायचे कसे, तर उपग्रहावरून. पाठवणाऱ्या यंत्राला 'पिचर' आणि घेणाऱ्याला 'कॅचर' म्हणत. बेसबॉलच्या देशात दुसरे काय म्हणणार! प्रत्येक सिनेमाबरोबर एक चिठ्ठी यायची. तीत नाव, लांबी, किंमत आणि परवान्याची सुरुवातीची व शेवटची तारीख असायची. शेवटची तारीख उलटली की सिनेमा यादीतून गळून पडायचा. तुम्ही अर्धा पाहून ठेवला असेल तर तुमचे नशीब. मागणीला मुदत असते, ही गोष्ट ग्राहकाला त्या चिठ्ठीने शिकवली.

साठवणीवरून झालेला एक खटला तर मला फार आवडतो. न्यूयॉर्क भागातल्या केबलव्हिजन कंपनीने ठरवले की ग्राहकाच्या घरात रेकॉर्डिंगचा डबा ठेवण्यापेक्षा त्याने केलेले रेकॉर्डिंग आपल्याच केंद्रात ठेवावे. सिनेमा कंपन्या आणि वाहिन्या कोर्टात गेल्या. ऑगस्ट 2008 मध्ये अपील न्यायालयाने केबलव्हिजनच्या बाजूने निकाल दिला आणि जून 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यात हात घालायचे नाकारले. निकालातली मेख अशी. प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी प्रत साठवली आणि ती फक्त त्यालाच दाखवली, तर ते 'सार्वजनिक प्रयोग' ठरत नाही. म्हणजे एकच मालिका दहा हजार लोकांनी रेकॉर्ड केली तर दहा हजार सारख्याच प्रती ठेवायच्या. एक प्रत ठेवून सगळ्यांना दाखवली असती तर यंत्राचे काम वाचले असते, पण कायद्याच्या दृष्टीने ती वेगळीच गोष्ट झाली असती. पुढे एरिओ नावाच्या कंपनीने हाच धागा धरून प्रत्येक ग्राहकाला नाण्याएवढी स्वतंत्र अँटेना दिली आणि प्रक्षेपण इंटरनेटवरून पाठवले. जून 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते बेकायदा ठरवले; हे तर केबल कंपनीसारखेच वागणे झाले, असे म्हणून. तंत्रज्ञांनी काय शक्य आहे ते सांगावे आणि वकिलांनी त्यातले काय घडेल ते ठरवावे, अशी वाटणी दिसते.

मग इंटरनेटची पद्धत आली. तार तीच, नोड तोच, पण सिनेमा आता चॅनेलच्या चौकटीत न बसता लहान लहान पुडक्यांतून येऊ लागला. फाइलचे काही सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाच्या चार-सहा प्रतींत तयार ठेवतात, आणि आपल्या घरातले यंत्र तारेचा अंदाज घेत एकेक तुकडा मागत जाते. संध्याकाळी चित्र मध्येच धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होते ते यामुळेच. हे तुकडे दरवेळी हजारो मैलांवरून आणणे परवडत नाही, म्हणून ते वस्तीच्या जवळच्या सर्व्हरवर साठवतात. याला मी कपाट म्हणतो. जवळच्या कपाटात नसेल तर वरच्या मोठ्या कपाटात बघायचे, तिथेही नसेल तर मूळ कोठारात. कपाट भरले की बराच काळ कुणी न मागितलेली वस्तू आधी बाहेर.

नेटफ्लिक्सने 2012 पासून अशी स्वतःची कपाटे इंटरनेट कंपन्यांच्या केंद्रांत ठेवायला सुरुवात केली. ही कपाटे वाहतूक कमी असते तेव्हा, बहुधा उत्तररात्री, भरली जातात. उद्या कुठल्या भागात काय पाहिले जाईल याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. माझ्या तक्रारीचे मूळ इथे आहे. आपण संध्याकाळी जी 'मागणी' करतो ती आदल्या रात्रीच कुणीतरी गृहीत धरलेली असते. बहुसंख्यांची मागणी न मागताच दाराशी येऊन बसते. थोड्यांची मागणी लांबून येते आणि फारच थोड्यांची असेल तर ती वस्तू कोठारातच नसते. पंगतीतून सुटून आपण खाणावळीत आलो खरे, पण ताटे बऱ्याच अंशी वाढूनच ठेवलेली आहेत.

एवढ्यावर मी चिडलो नसतो. लोकप्रिय माल पुढे ठेवायचा हे तर म्हापशाच्या बाजारातली कुठलीही बाई करते. चिडायची गोष्ट पुढे आहे.

2008 च्या ऑक्टोबरपासून कॉमकास्टने आपल्या इंटरनेट ग्राहकांना महिन्याला 250 गिगाबाइटची मर्यादा घातली होती. मार्च 2012 मध्ये याच कंपनीने जाहीर केले की तिची ऑन डिमांड सेवा आता एक्सबॉक्स या खेळयंत्रावरही दिसेल आणि त्यावरचे पाहणे या मर्यादेत धरले जाणार नाही. कारण काय, तर तो व्हिडिओ 'सार्वजनिक इंटरनेट'वरून येत नाही, कंपनीच्या स्वतःच्या खाजगी जाळ्यातून येतो. यंत्र तेच, तार तीच, मोडेम तोच. त्याच एक्सबॉक्सवर नेटफ्लिक्स किंवा हुलू पाहिले तर मोजणी सुरू, कॉमकास्टचे स्वतःचे पाहिले तर मीटर बंद. नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी एप्रिलमध्ये यावर जाहीर बोंब मारली. त्यांचा स्वार्थ होताच, पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. मे महिन्यात कॉमकास्टने 250 ची मर्यादा स्थगित केली आणि वेगळ्या पद्धती, 300 गिगाबाइटच्या, आजमावायला घेतल्या. खाजगी आणि सार्वजनिक यांच्यातली रेघ मात्र पुसली नाही.

खाजन शेती ठाऊक असलेल्या गोंयकाराला हे एका वाक्यात कळावे. खाजनात मानस असते, भरती-ओहोटीबरोबर खारे पाणी आत-बाहेर सोडणारे दार. त्या दाराशी मासे पकडायच्या हक्काचा लिलाव होतो. मासे घेणाऱ्याच्याच हाती दार उघडायचे-मिटायचे आले की तो ते माशांच्या सोयीने उघडतो, आणि आत भात करपते. दार चालवणाऱ्याचा स्वतःचा धंदा त्याच पाण्यावर असला की काय होते, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. केबल कंपनीचेही तेच. दार तिचे आणि मासेही तिचे. 2011 पासून एनबीसी युनिव्हर्सलसारख्या चित्रनिर्मिती कंपनीचा ताबाही कॉमकास्टकडेच होता.

दाराचे दुसरे प्रकरण 2014 चे. 2013 च्या शेवटी कॉमकास्टच्या ग्राहकांकडे नेटफ्लिक्स अडखळू लागले. घरापर्यंतच्या तारेला काही झाले नव्हते. कोंडी झाली होती ती बाहेरची जाळी कॉमकास्टच्या जाळ्याला जिथे मिळतात त्या सांध्यांवर. सांधा रुंद कुणी करायचा आणि कुणाच्या पैशाने, यावर दोन्ही पक्ष अडून बसले. फेब्रुवारी 2014 मध्ये नेटफ्लिक्सने कॉमकास्टला पैसे द्यायचे मान्य करून थेट जोडणी घेतली आणि चित्र सुधारले. दोन वर्षांनी, 2016 मध्ये, नेटफ्लिक्स कॉमकास्टच्याच टीव्ही-डब्यात एक बटण होऊन बसले. कालचे वैरी आज मालक-भाडेकरू. मोठ्यांचे असेच असते. त्यांचे भांडण मिटते ते आपापसात, नियमाने नव्हे. नियमांची कथा तर तिथे बघवत नाही. सगळ्या वाहतुकीला समान वागणूक देण्याचा नियम 2015 मध्ये आला, 2017 च्या डिसेंबरमध्ये रद्द झाला, 2024 मध्ये परत आला आणि जानेवारी 2025 मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा मोडीत काढला.

आता आपल्याकडे या. भारताने या बाबतीत अमेरिकेपेक्षा शहाणपणा दाखवला, असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बरेचसे खरे आहे. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने नियम केला की काय पाहता यावरून डेटाचे दर वेगळे लावायचे नाहीत. पण त्याच नियमात एक खिडकी आहे. जे जाळे बंदिस्त आहे, ज्यातून माहिती इंटरनेटवर जात नाही की इंटरनेटवरून येत नाही, त्याला हा नियम लागू नाही. नियम चुकवण्यासाठी असे जाळे वापरले तर चालणार नाही, अशी पुस्ती जोडली आहे. पण हेतू सिद्ध कोण करणार? पुढे 2018 च्या जुलैमध्ये सरकारने समान वागणुकीचे तत्त्व स्वीकारले, तेव्हाही कंपन्यांच्या स्वतःच्या जाळ्यावरची साठवणुकीची कपाटे त्यातून वगळलेली राहिली. कॉमकास्टने 2012 मध्ये जी रेघ ओढली, तीच रेघ आपल्या नियमपुस्तकात सभ्य भाषेत आहे. मी असे म्हणत नाही की कुणी तिचा आज गैरवापर करतो आहे. रेघ आहे, ती कुठे आहे हे आपल्याला माहीत असावे, इतकेच.

भारतातली केबल अमेरिकेसारखी वाढलीही नाही. 1991 च्या आखाती युद्धानंतर ती गल्लोगल्ली पसरली. कायदा आला 1995 मध्ये, तोपर्यंत तारा विजेच्या खांबांवरून, माडांवरून, पोफळींवरून कधीच गेल्या होत्या. मुंबईसारख्या शहरांतली डिजिटल सक्ती 2012-13 मध्ये झाली. उरलेल्या शहरांची आणि खेड्यांची पाळी त्यानंतर येऊन मुदत 31 मार्च 2017 पर्यंत लांबली. आपल्या घरी आलेला डबा बहुतेक ठिकाणी एकदिशीच होता, त्यामुळे कोॲक्स तारेवरचा खराखुरा ऑन डिमांड आपण जवळजवळ पाहिलाच नाही. तो आला मोबाइलवरून, सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर, आणि मग फायबरवरून. आज गावातला केबलवालाच इंटरनेटही विकतो. काचेची तार तोच ओढतो, पावसात माडाचे झाप पडून तुटली की तोच जोडतो. म्हणजे कॉमकास्टच्या जागी आपल्याकडे हा माणूस किंवा त्याच्यावरची कंपनी आहे. फरक इतकाच की हा आपल्याला नावाने ओळखतो.

या माणसाबद्दल मला आपुलकी आहे, ती एका कारणाने. केबलच्या त्या बेशिस्त काळात त्याच्याकडे स्वतःचे एक चॅनेल असायचे. सुरुवातीला व्हीसीआर, मग सीडी, मग संगणक. त्यावर चोरीचे सिनेमे चालायचे हे खरे आणि ते वाईटच. पण त्याच चॅनेलवर गावच्या जत्रेतले नाटक दिसायचे, दशावतारी काला दिसायचा, तियात्र दिसायचा, शाळेचे स्नेहसंमेलनसुद्धा दिसायचे. कुठल्याही मोठ्या वाहिनीच्या दृष्टीने ज्याची किंमत शून्य, ते त्या तारेवरून जायचे, कारण ती तार गावापुरतीच होती. काणकोणचे नाटक पेडण्यात दिसत नसे, पण काणकोणात दिसे.

डिजिटल झाल्यावर चित्र लख्ख झाले आणि हे बरेचसे गेले. कार्यक्रमांचे केंद्र दूर गेले. गावच्या माणसाच्या हातात जोडणी आणि वसुली उरली. मी आमच्या केबलवाल्याला विचारले होते की जत्रेचे नाटक पुन्हा लावत नाहीस का, तर तो म्हणाला, "बाब, तें आतां आमच्या हातांत ना."

कुणी म्हणेल, यूट्यूब आहे ना! आहे, आणि त्याचे उपकार आहेत. गोव्यातली कितीतरी मराठी नाटके, कीर्तने, भजनाच्या बैठका लोकांनी तिथे चढवल्या आहेत. ती दिसतातही; लांबच्या कोठारातून आली तरी हल्लीच्या फायबरवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझा आक्षेप वेगाबद्दल नाही. 2011 च्या जनगणनेत साऱ्या गोव्याची वस्ती 14 लाख 58 हजार. त्यातले मराठी नाटक पाहणारे किती, तीन अंकी संगीत नाटक शेवटपर्यंत पाहणारे किती! लोकप्रियतेच्या कुठल्याही गणितात आपण कायम शेवटच्या ओळीत राहणार. जे आपले आहे ते आपल्यापासून हजारो मैलांवर असलेल्या कुणाच्या तरी मर्जीवर, त्याच्या जाहिरातींच्या मध्ये, त्याच्या यंत्राने सुचवले तर दिसणार. एखाद्या नांदीवरून स्वामित्वहक्काची तक्रार करायला यंत्राला निमित्त मिळाले तर ते नाटकच तिथून जाणार. आणि उद्या बंदिस्त जाळ्याची ती खिडकी कुणी रुंद केली, तर मोठ्या कंपन्यांच्या मालिका बिनमोजणीच्या रस्त्याने येतील आणि आपली नाटके मोजणीच्या रस्त्याने.

म्हणून माझे म्हणणे आहे की ज्या रेघेची भीती वाटते, ती आपणही वापरावी. केबलवाल्याचे जाळे बंदिस्त आहे ना? मग त्या बंदिस्त जाळ्यात एक कपाट आपले असू द्या. हिशेब अगदी साधा आहे. सेकंदाला पावणेचार मेगाबिटच्या दर्जाने तीन तासांचे नाटक साठवायला सुमारे पाच गिगाबाइट लागतात. पाचशे नाटके म्हणजे अडीच हजार गिगाबाइट. आज बाजारात मिळणाऱ्या एका साध्या हार्ड डिस्कवर ती मावतात आणि जागा उरते. एका वेळी पन्नास घरांनी पन्नास वेगळी नाटके मागितली तरी जाळ्यावर दोनशे मेगाबिटांहून कमी भार पडतो, जो एखाद-दुसऱ्या घरालाही आज जोडणी म्हणून विकला जातो. शिवाय बाहेरून काही आणायचे नसल्यामुळे केबलवाल्याला बाहेरच्या बँडविड्थचा खर्च नाही. ऑर्लँडोला 1994 मध्ये ज्यासाठी एवढा पैसा ओतावा लागला, ते आज तालुक्याच्या पातळीवर जमण्यासारखे आहे. यंत्र सांभाळायला एक जाणता मुलगा हवा, आणि तसे मुलगे आपल्याकडे प्रत्येक गावात आहेत. बहुतेक पुण्याला नाही तर बंगळुरूला नोकरी शोधत असतात.

हे सगळे सरकारने करावे, असे मला वाटत नाही. सरकारी कपाटाची किल्ली हरवते. नाट्यमंडळांनी आणि केबलवाल्यांनी आपसात करावे. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत दरवर्षी कितीतरी मंडळे महिनोन् महिने तालमी करून एकच प्रयोग करतात. तो पाहायला थिएटरात जे आले ते आले. ज्या मंडळांनी आपला प्रयोग चित्रित करून घेतला, त्यांच्या त्या सीड्या आता घरोघरच्या फडताळांत बुरशी धरताहेत. आपल्या दमट हवेत सीडी फार वर्षे टिकत नाही, हे मी माझ्याच संग्रहावरून सांगतो. आधी त्या वाचवायला हव्यात. तारेचे नंतर बघता येईल.

हा हिशेब मी आमच्या केबलवाल्यापुढे मांडला. तो हसेल असे वाटले होते, पण त्याने कागद नीट पाहिला. मग म्हणाला, "डिस्क म्हजेकडेन आसा. पूण नाटक कोणाचें?" प्रश्न बिनतोड होता. नाटक लेखकाचे, पदांच्या चाली संगीतकाराच्या, अभिनय मंडळींचा, चित्रण जत्रेतल्या फोटोवाल्याचे आणि खर्च देवस्थान समितीचा. केबलव्हिजनच्या वकिलांना पुरून उरेल एवढा गुंता एका जत्रेच्या नाटकात आहे. बरेच लेखक हयात नाहीत, त्यांच्या वारसांना संहितेचा पत्ता नाही. तेव्हा मी आता आमच्या वाड्यावरच्या तीन मंडळांसाठी एक पानी परवानगीपत्र लिहायला घेतले आहे. लेखक किंवा वारस, दिग्दर्शक, मंडळाचा अध्यक्ष आणि चित्रण करणारा अशा चार सह्या, एका तालुक्यापुरती परवानगी, पाच वर्षांची मुदत, आणि पाहणाऱ्याने काही वर्गणी दिलीच तर तिचा अर्धा भाग मंडळाला. पहिल्या मंडळाच्या तीन सह्या झाल्या आहेत. चौथी राहिली आहे ती फोटोवाल्याची. तो सध्या लंडनला असतो, आणि मूळ टेप त्याच्या आईकडे माळ्यावर आहे असे कळते.